मेणावरचे दोन अंगठे

१४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुला, भाऊजींना आणि आमच्या खारूला भरपूर आशीर्वाद. इकडे मी ठीक. गुडघा कुरकुरतो, पण माझ्याहून कमी कुरकुरतो असं लॅबमधले साच्यावाले काका म्हणतात. काम जोरात आहे. या महिन्यात आत्तापर्यंत सतरा कवळ्या झाल्या. एक आजोबा त्यांची कवळी परत घेऊन आले. म्हणाले, “बाई, मी हसायच्या आधी हे दातच हसतात.” पुन्हा मेणात बसवून दिली. आता दोघं बरोबर हसतात.

तुझी चिठ्ठी मिळाली. अक्षर खारूचं, म्हणजे नेहमीसारखं तू सांगितलंस आणि तिनं लिहिलं. हे पत्रही तीच तुला वाचून दाखवणार, तेव्हा आधी तिच्यासाठी दोन शब्द. खारूताई, तुझा ‘श’ अजून उताणा पडलेला असतो. तेरा वर्षांची घोडी झालीस, त्याला उभा कर.

वहीचं विचारलंस. वही आलेली नाही. मी टपाल ऑफिसात दोनदा जाऊन आले. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून मोठं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं आणि “नाही हो” म्हणाल्या. आता पार्सल कुठे अडकलं ते देव जाणे.

तू एवढी उतावीळ का झालीस ते मात्र कळलं नाही. वही माझी आणि खारूची. तिचे नियम तुला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून सांगते. सहा वर्षांपूर्वी, तुम्ही इथे असताना, शाळा सुटली की खारू माझ्याकडे लॅबमध्ये येऊन बसायची. प्लास्टरच्या गोणीवर बसून पुस्तक वाचायची आणि मला मध्येच थांबवून गोष्ट सांगायची. म्हणून मी जाडजूड पाचशे पानी वही आणली. डावं पान माझं, उजवं तिचं. पुस्तक एकच, दोघींनी वाचायचं. क्रमांक, सुरू कधी केलं, संपलं कधी, कोण आवडलं आणि कोणाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लिहून झालं की पान मधोमध दुमडायचं, कडेला कवळीच्या गुलाबी मेणाचा गोळा लावायचा, त्यावर अंगठा दाबायचा. पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय दुसरीचं मेण फोडायचं नाही. आणि पुस्तकं फक्त मुलांची किंवा पोरवयातल्यांची. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत माणसं खिडकीतून बाहेर बघत बसतात. पोरांच्या पुस्तकात निदान खिडकीतून उडी तरी मारतात.

भाऊजींची बदली झाली आणि वही पार्सलनं जायला-यायला लागली. अजून तीच वही चालू होती. आकडा दोनशे अकरावर होता. हे सगळं तुला कंटाळवाणं वाटेल. तू पुस्तकापेक्षा टेलिफोनची यादी बरी म्हणणारी.

खारू मागे फोनवर म्हणाली, “मावशी, हल्ली आई आणि मी रोज दुपारी वाचत बसतो.” मी म्हटलं, वा. चांगलं आहे. उशिरा का होईना, कानावर चार गोष्टी पडल्या तर बिघडत नाही. फक्त तिला दमवू नकोस. घसा बसतो पोरीचा.

भाऊजींना सांग, आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबायला लागली आहे. तिच्या दुरुस्तीला ते यायचे तेव्हा अशी नव्हती.

वही आली की कळवीनच.

तुझी,
ताई


६ एप्रिल

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. हे पत्र भाऊजींकडून वाचून घे. खारूच्या हातात देऊ नकोस. पाकीट चिकटवून त्यावर टेपही लावली आहे.

वही माझ्याकडे आहे. दोन फेब्रुवारीपासून आहे. लॅबमधल्या माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, मेणाच्या पट्ट्यांखाली. टपाल ऑफिसात मी गेलेच नव्हते. चष्मा कपाळावर सरकवणाऱ्या बाई मी रचल्या. दोनशे अकरा पुस्तकं वाचलेल्या बाईला एवढं जमायला हवं.

हे कबूल करायचं कारण तू नाहीस. तू तीन वेळा विचारलंस आणि मी तीन वेळा ढिम्म राहिले. तिसरी चिठ्ठी तर तुझ्याच अक्षरात होती. ‘वही मिळाली का ताई’, एवढीच एक ओळ, आणि ती कागदभर उतरत गेलेली. मला वाटलं, खारू तुझ्यावर रुसली असेल, लिहून द्यायला तयार नसेल. खरं सांगू? बरं वाटलं.

कारण खारू आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, “मावशी, काळजी करू नकोस. हरवली तर हरवली. मी आठवून आठवून नवीन वही लिहायला घेतली आहे. चाळीस झाली. तुझी डावी पानं पण लिहितेय, मला पाठ आहेत.” आणि तिनं म्हणून दाखवलं. एकोणतीस क्रमांक, बोकडाला शोधायला जंगलात गेलेल्या भावंडांचं पुस्तक. माझ्या पानावर होतं, ‘बोकड सोडून सगळ्यांच्या थोबाडीत.’ मला स्वतःला आठवत नव्हतं. मी फोन ठेवला आणि खण उघडून बसले. साच्यावाले काका म्हणाले, “काय हो, दाढ दुखते की काय?” मी म्हटलं हो.

आता विचारशील, लपवली का?

पार्सल उघडलं तेव्हा दोनशे बाराचं उजवं पान दुमडलेलं होतं, मेण लावलेलं. आणि मेणावर दोन अंगठे होते. एक खारूचा, बारका. दुसरा मोठा. ठशांचं मला कोणी शिकवू नये, माझं अख्खं आयुष्य लोकांच्या तोंडांचे ठसे वाचण्यात गेलं. दुसऱ्या अंगठ्यावर चीर होती, टोकापासून पेरापर्यंत तिरकी गेलेली. ती चीर मी आंधळी झाले तरी ओळखीन.

माझ्या डोळ्यांपुढे ते चित्रच उभं राहिलं. दुपारची वेळ, तुमचा तो निळा सोफा, खारू मोठ्यानं वाचते आहे आणि तू पाय वर घेऊन ऐकते आहेस. पुस्तक संपलं. खारूनं लिहिलं, कोमट पाण्यात मेण मऊ केलं, आणि म्हणाली, “आई, तू पण दाब ना.” आणि तू दाबलास. किती सहज! आमच्या सहा वर्षांच्या मेणावर तू अंगठा ठेवलास, जसा दारावरच्या बेलवर ठेवतात.

मला जळायला झालं. झालं, झालं, लिहून टाकते एकदाचं. तुझ्याकडे ती पोरगी अख्खी आहे. तिचा सकाळचा फुगलेला चेहरा, तिच्या केसांचा गुंता, तिचा ताप, तिच्या परीक्षा, दार आपटणं, सगळं तुझं. मी कधी काही मागितलं? बदली झाली तेव्हा तिचा हात धरून स्टेशनवर रडले नाही. तुम्ही सामान चढवत होतात आणि मी डब्यांची झाकणं घट्ट आहेत ना ते बघत होते. माझ्याकडे एक पान होतं. तेवढ्यावर माझा संसार चालला होता, आणि तूही त्यात पाहुणी म्हणून आलीस ते थेट माजघरात.

आणि आलीस तर वाचून तरी यायचं! ज्या बाईला एक पान धड वाचता येत नाही, तिनं वाचलेल्या पुस्तकांच्या वहीत अंगठा उठवायचा, याला काय म्हणायचं? ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरत नाहीत. आमच्या नियमात तसं नाही.

भाऊजी, हे वाचताना तुम्ही थांबाल हे मला माहीत आहे. थांबू नका. पुढे वाचा.

मेण मी फोडलेलं नाही. कारण पुस्तक वाचलेलं नाही. ‘बोगद्यातली शाळा’, तीनशे दहा पानं. पार्सलमधून काढलं तसंच खणात आहे. मी ते वाचणारही नाही असं ठरवलं होतं. पण डावं पान कोरं ठेवून वही परत पाठवायची नाही, हाही नियम माझाच. आता काय करायचं ते मी बघते. वही या आठवड्यात निघेल. खारूला सांग, सापडली. कुठे सापडली ते तू ठरव. तुला वाटलं तर खरं सांग, मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही एवढंच.

त्या चिरेबद्दल आपण कधी बोललो नाही. आई विचारत होती तेव्हा मीच सांगितलं होतं, कपाटाचं दार वाऱ्यानं लागलं. तू नुसती मान हलवलीस.

रागावलीस तर रागाव.

ताई


१० एप्रिल

प्रिय धाकटे,

हे पत्र तू वाच.

खारूला देऊ नकोस, भाऊजींनाही नको. अक्षर मोठं काढलं आहे. ओळी सोडून लिहिते आहे. वाक्यं लहान ठेवीन. घाई नाही. आज अर्धं वाच, उद्या अर्धं. कोणी विचारलं तर सांग, ताईचं पत्र वाचते आहे.

चार दिवसांपूर्वीचं माझं पत्र पोचलं असेल. नसेल पोचलं तर आलं की न वाचता फाडून टाक. वाचून झालं असेल तर मी काही करू शकत नाही.

पुस्तक मी दोन दिवसांत संपवलं. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेण फोडलं. आत खारूची एकच ओळ होती. ‘मावशी, हे पान आईचं. मी माझं तिला दिलं.’

खाली तुझं अक्षर.

ते मी सात वेळा वाचलं. तुला परत लिहून दाखवते, म्हणजे तुला कळेल की मी एकही शब्द गाळला नाही.

‘दोनशे बारा. सुरू १९ नोव्हेंबर. संपलं २५ जानेवारी. मी पुरतं वाचलेलं पहिलं पुस्तक. खारू शेजारी बसायची, पण वाचलं मी. मला त्यातली स्वयंपाकीण आवडली. ती कोणाला घाई करत नाही. थोबाडीत कोणाच्या नाही. ताई, वाचताना मला तुझा आवाज येतो. आतल्या खोलीतून. चुकलं, चुकलं. आधी मी थांबायचे. या वेळी तुला ओरडू दिलं आणि पुढे वाचलं. वही मिळाली की सांग.’

धाकटे, वहीची वाट तू बघत होतीस. मला वाटलं, खारू.

सत्तेचाळीस वर्षांची बाई सदुसष्ट दिवस एक पुस्तक वाचते आणि ते आपल्या बहिणीला कळावं म्हणून धाडते. बहीण ते खणात घालते. मी दिवस मोजले. दोन फेब्रुवारी ते आज. तेही सदुसष्ट. जेवढे दिवस तू वाचलंस तेवढेच दिवस मी ते कोंडून ठेवलं.

आता तो आवाज. मला तो आठवतो. मी आठवत नाही असं दाखवते, एवढंच. आई शिलाई मशीनवर बसायची. आपण तिला वाचून दाखवायचो. माझी पाळी झाली की तुझी. तुझी अक्षरं जागा बदलायची. तू एका शब्दावर तीनदा पडायचीस. मी आतल्या खोलीतून ओरडायचे, चुकलं. आई म्हणायची, “असू दे गं, वाचते आहे ना ती.” मी पुन्हा ओरडायचे. एकदा तुला सगळं पान बरोबर आलं. आईनं मशीन थांबवलं आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवला. माझं तर रोजच बरोबर यायचं. माझ्यासाठी मशीन कधी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी आलीस. तुला ते हिरव्या कव्हरचं हवं होतं. तू कपाटाच्या कडेवर हात ठेवला होतास.

वारा नव्हता. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं. दार मी लावलं. हात दिसत होता.

तुझ्या अंगठ्याला महिनाभर पट्टी होती. शाळेत लिहिता येत नव्हतं. मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायला लागले. मग माझ्या मैत्रिणी म्हणायला लागल्या. मग सगळी गल्ली. ते हिरवं पुस्तक तू परत मागितलं नाहीस. कुठलंच मागितलं नाहीस. मला हवं होतं तेच झालं. घरात वाचणारी एकटी मी उरले. सगळे म्हणायचे, थोरलीला वाचनाची काय आवड!

मला तुझा हेवा तेव्हाही वाटत होता. आत्ताही वाटतो. खोटं कशाला बोलू. आज तुझं पान वाचून डोळे पुसले आणि दुसऱ्याच मिनिटाला मनात आलं, मी दोनशे बारा पुस्तकं वाचली, पण त्यांतलं एकही असं वाचलं नाही. तू जसं वाचलंस तसं. ‘बोगद्यातली शाळा’ मी दोन दिवसांत संपवलं आणि मला ती स्वयंपाकीण आठवतसुद्धा नव्हती. परत उघडून शोधली. शंभराव्या पानाच्या पुढे आहे. कोपऱ्यात मोठं पातेलं घासत असते. मुलांना म्हणते, “बसा, उजेड कुठे पळून जात नाही.” मी तिच्यावरून सरळ पुढे गेले होते.

माझ्या डाव्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे: ‘दोनशे बारा. वाचलं. पण नीट नाही. थोबाडीत माझ्याच.’ पान दुमडलेलं नाही. मेण लावलेलं नाही. खारूला वाचू दे. तिला सगळं सांग, मी पार्सल लपवलं तेही. ती रागावेल. चार दिवस फोन करणार नाही. मग करेल. नाही केला तर ते माझं मी बघीन.

पार्सलमध्ये आणखी एक वही आहे. नवीन. त्यावर मी नाव घातलेलं नाही, आकडे घातलेले नाहीत, रेघा मारलेल्या नाहीत. तुझी तू ठरव. खारूला डावं पान द्यायचं की उजवं, तेही. मला पान नको. हे वाक्य दोनदा खोडलं, पण नको.

हिरव्या कव्हरचं पुस्तकही आहे. इतकी वर्षं मी ते जपून ठेवलं. का ठेवलं ते विचारू नकोस. चौदाव्या पानावर कोपरा दुमडलेला आहे. तुझाच आहे तो. तिथवर तू चोरून वाचलं होतंस. मला माहीत होतं.

एक मागायचं आहे. रविवारी दुपारी चार वाजता मी घरी असते. फोन कर. काही बोलू नकोस. पंधराव्या पानापासून वाच. अडलीस तर अडू दे. एका शब्दावर तीनदा पडलीस तर पड. कितीही वेळ लागला तरी मी फोन धरून बसेन. आणि मी मध्ये एकदाही बोलणार नाही. लॅबमध्ये माणसांचे ठसे घेताना मी त्यांना सांगते, तोंड मिटा, दात दाबून धरा, हलू नका. तशी बसेन.

फोन नाही आला तरी चार वाजता मी तिथे असेन. पुढच्या रविवारीही.

खाली सही केलेली नाही. गुलाबी मेणावर अंगठा उठवला आहे. माझा आहे. त्यावर चीर नाही.

ऐकायला बसलेली,
ताई